कॉइलच्या खोक्यावर ओहम छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत जुन्या गाड्यांच्या मेळाव्याचे फोटो आले होते, बघून फार बरं वाटलं, आमच्या घरात तर ते पान प्रत्येकाने दोनदोनदा चाळलं. पण फोटोत गाडी चमकताना दिसते, ती रस्त्यावर चालती ठेवायला घरातल्या माणसांना काय काय करावं लागतं ते कुठेच येत नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसलो. आणि मी सगळ्या गाडीबद्दल लिहिणार नाहीये, फक्त एका पार्टबद्दल लिहिणारे, इग्निशन कॉइल, म्हणजे बॅटरीच्या १२ व्होल्टपासून प्लगला ठिणगी मिळवून देणारा बॉनेटखालचा डबा. जरा लांबेल, काटछाट करायची झाली तर बाकीचं कापा पण ओहमचा (तार करंटला किती अडवते त्या मापाचा) भाग तेवढा ठेवा ही विनंती.

आमची गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९७८ ची, वडिलांनी नवी घेतलेली. त्या काळात गाडी बुक करून वर्षानुवर्षं वाट बघायला लागायची हे आत्ताच्या मुलांना सांगून खरं वाटत नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली कंपनी, कुर्ल्याचा कारखाना, इटलीच्या फियाट ११०० चं डिझाईन, १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगला गिअरचा दांडा. वडील गेले त्याला आता अकरा वर्षं झाली, गाडी आहे, आणि आई अजूनही तिला "आपली फियाट" म्हणते. पद्मिनी हे नाव तिच्या तोंडात कधी बसलंच नाही.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आईला घेऊन वाईला गेलो होतो, ढोल्या गणपतीचं दर्शन झालं, जेवण झालं, आणि आई म्हणाली आलोच आहोत तर पाचगणीला जाऊन येऊ. दुपारचे अडीच-तीन, पसरणी घाटात निम्म्यावर गेलो असू नसू, गाडी एकदम बंद. झटके नाहीत, मिसिंग (मधेच ठिणगी चुकून इंजिन अडखळणं) नाही, कुणी चावी फिरवून बंद करावी तशी बंद. मागे बसची रांग, हॉर्नवर हॉर्न, आई ८१ वर्षांची, उन्हात. मला वाटलं पेट्रोल पंप तापलाय, जुन्या फियाटला चढावर हे व्हायचंच, म्हणून पंपावर ओलं फडकं टाकलं आणि थांबलो. चाळीसेक मिनिटांनी सेल्फ मारला तर पटकन स्टार्ट. दोन वळणं गेलो आणि परत तेच. त्या दिवशी पाचगणी राहिलीच, उतारावर गाडी वळवून वाईला आलो, संध्याकाळी गार झाल्यावर हळूहळू पुणं गाठलं.

पुण्यात आमच्या नेहमीच्या मेकॅनिकला दाखवली. तो म्हणाला कॉइल गेली. बरं, गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू हे कॉइल गेल्याचं लक्षण आहेच, त्यात त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण त्याने एकाच वेळी कॉइल, पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी दोन टोकं) आणि त्यांच्या जोडीचा कंडेन्सर तिन्ही बदलून टाकलं, त्यामुळे नक्की कोण खराब होतं ते कळलंच नाही. कॉइल मीच दुकानातून आणली होती. पद्मिनीची कॉइल द्या म्हटलं, त्यांनी एक खोकं दिलं, त्यावर "१२ व्होल्ट", खाली "सर्व पेट्रोल गाड्यांसाठी", बस. रंग छान, नवी कोरी, मला काय कळणार. लावली आणि गाडी काय पळायला लागली म्हणून सांगू, एका सेल्फला स्टार्ट, मी खूश.

तीन आठवड्यांनी मिसिंग सुरू झालं. उघडून बघतो तर नवे पॉइंट निळे पडलेले आणि एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला उंचवटा. वाटलं पॉइंट लोकल मालाचे असतील. दुसरे आणले, महिनाभरात तेच. तिसरे आणले. मग एका संध्याकाळी कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये परत बंद, बॉनेट उघडलं तर कॉइलच्या तोंडातून तेल बाहेर आलेलं आणि डबा असा तापलेला की बोट लागलं तर फोड यावा.

शेवटी ओळखीतून नाना पेठेतल्या एका वायरिंगवाल्या काकांकडे गेलो. सत्तरी ओलांडलेले, दुकान म्हणजे जेमतेम चार फुटांची जागा. त्यांनी बॉनेट उघडलं, कॉइलकडे बघितलं आणि पहिला प्रश्न, "साहेब, ही कॉइल कुठल्या गाडीची बसवलीय?"

म्हटलं, "काका, पद्मिनीचीच, दुकानदारानं पद्मिनीची म्हणूनच दिली."

त्यांनी काही न बोलता मीटर काढला, कॉइलच्या दोन्ही वायरी सुट्या केल्या, दोन टोकं टर्मिनलना लावली आणि मला आकडा दाखवला. १.४ ओहम. म्हणाले, "ही बॅलास्टची कॉइल आहे. तुमच्या गाडीला बॅलास्ट कुठाय?"

ते काय म्हणाले ते समजायला मला पुढचे दोन-तीन महिने लागले, विचारून विचारून, वाचून, स्वतः मीटर घेऊन मोजून. जे समजलं ते सांगतो.

कॉइल म्हणजे डब्याच्या आत लोखंडी पट्ट्यांच्या गाभ्याभोवती तांब्याच्या तारेची दोन वाइंडिंग. एक जाड तारेचं, शेकड्यांत वेढे, त्याला प्रायमरी म्हणतात. दुसरं केसासारख्या बारीक तारेचं, हजारो वेढे, ती सेकंडरी. पॉइंट जुळलेले असताना बॅटरीचा करंट जाड तारेतून वाहतो आणि आत चुंबक तयार होतं, पॉइंट उघडले की करंट तुटतो, चुंबक एका क्षणात ढासळतं आणि बारीक तारेत वीस हजार व्होल्टच्या घरात दाब उसळतो, तो डिस्ट्रिब्युटरमधून एकेका प्लगला जातो. इंजिन ३००० आरपीएमला फिरत असेल तर चार सिलिंडरना मिळून मिनिटाला ६००० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला १००. एकटी कॉइल हे करते, तासन् तास, बॉनेटखालच्या भट्टीत बसून. मला हे कळलं तेव्हा त्या डब्याबद्दल खरंच आदर वाटला. ही पद्धत अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास कॅडिलॅक गाडीसाठी बसवली, त्यांच्या कंपनीचं नाव डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज, थोडक्यात डेल्को, आणि आपल्याकडचे जुने मेकॅनिक आजही डिस्ट्रिब्युटरला डेल्कोच म्हणतात. शंभर वर्षं झाली, शब्द टिकलाय.

आता मुद्दा. त्या जाड तारेचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा विरोध, किती ओहम यावर सगळं अवलंबून आहे. पॉइंटवाल्या, बॅलास्ट नसलेल्या १२ व्होल्टच्या गाडीला साधारण ३ ओहमची कॉइल लागते. शाळेतला हिशोब करा, व्होल्ट भागिले ओहम, १२ भागिले ३ म्हणजे ४ अँपिअर. गाडी चालू असताना डायनॅमो किंवा अल्टरनेटर १४ व्होल्टपर्यंत देतो, तेव्हा पावणेपाचच्या आसपास. पॉइंटची ती इवलीशी टोकं साधारण एवढाच करंट रोज रोज तोडू शकतात. त्याच जागी दीड ओहमची कॉइल लावली की करंट दुप्पट, १४ व्होल्टला नऊ अँपिअरच्या वर. पॉइंट जळणारच, त्यात पॉइंट बनवणाऱ्याचा काय दोष. आणि कॉइलमध्ये उष्णताही दुप्पट, म्हणून माझं तेल बाहेर आलं. पहिले काही दिवस गाडी जास्त चांगली पळाली तेही ह्याच कारणाने, करंट जास्त म्हणून ठिणगी जोरदार, आणि त्या जोरालाच मी चांगली कॉइल समजलो.

मग दीड ओहमच्या कॉइल बनवतात कशाला? तर त्या बॅलास्टवाल्या गाड्यांसाठी. सेल्फ मारताना स्टार्टर मोटर बॅटरीला इतकी ओढते की व्होल्टेज नऊ-दहावर येतं, थंडीत तर अजून खाली, आणि नेमकं तेव्हाच ठिणगी जोरदार हवी असते. म्हणून त्या गाड्यांत कॉइल कमी ओहमची ठेवतात आणि तिच्या वाटेत दीडेक ओहमचा वेगळा रेझिस्टर घालतात, तो बॅलास्ट. सेल्फ मारताना एक वेगळी वायर बॅलास्टला वगळून बॅटरीचा सगळा दाब थेट कॉइलला देते, गाडी चालू झाली की परत बॅलास्टमधून. हुशारीची योजना आहे. पण अर्धीच उचलून आणली, म्हणजे कॉइल आणली आणि बॅलास्ट नाही, की माझ्यासारखी गत. आणि उलटं केलं, बॅलास्टच्या गाडीला ३ ओहमची कॉइल लावली, तर ३ अधिक दीड म्हणजे साडेचार ओहम, करंट पावणेतीनच्याही खाली, ठिणगी मरतुकडी. काही जळत नाही पण गाडी चढावर मिसिंग करते, सकाळी नखरे करते, आणि मालक कार्ब्युरेटर साफ करत बसतो. माझ्या एका मित्राने असं वर्षभर केलं. कार्ब्युरेटर चार वेळा उघडला.

म्हणून कॉइल आणायला निघण्याआधी आपल्या गाडीला बॅलास्ट आहे का नाही ते नक्की करा. नुसतं डोळ्यांनी बघून चालत नाही. कॉइलच्या पट्टीवर किंवा इंजिनमागच्या पत्र्यावर पांढरा चिनीमातीचा ठोकळा दिसला तर तो बॅलास्ट, पण काही गाड्यांत, विशेषतः सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश गाड्यांत, बॅलास्ट म्हणून एक रेझिस्टन्सची वायरच वायरिंगच्या जुडग्यात गुंडाळलेली असते, बाहेरून काही दिसत नाही. शिवाय आपल्या गाड्यांची वायरिंग चाळीस-पन्नास वर्षांत किती जणांनी जोडली-तोडली असेल देव जाणे. तेव्हा मोजायचं. इंजिन बंद, चावी ऑन, पॉइंट जुळलेले आहेत ना ते बघायचं (नसतील तर कॉइलचं मायनस टर्मिनल एका वायरने बॉडीला टेकवायचं), आणि मग कॉइलच्या प्लसवर मीटर लावून बॉडीशी व्होल्टेज बघायचं. बारा-साडेबाराच्या जवळ दाखवलं तर बॅलास्ट नाही. सहा ते नऊमध्ये दाखवलं तर आहे. पॉइंट उघडे ठेवून मोजलं तर करंटच वाहत नाही आणि बॅलास्ट असला तरी मीटर पूर्ण बारा दाखवतो, इथेच बऱ्याच लोकांची फसगत होते, माझीही पहिल्यांदा झाली. आणि मोजून झालं की लगेच चावी बंद करा, इंजिन बंद ठेवून चावी ऑन विसरली आणि पॉइंट जुळलेले असले तर कॉइलमधून करंट सतत वाहत राहतो, ती भाजून निघते. गाडीत बसून रेडिओ ऐकायला चावी ऑन ठेवून कित्येक चांगल्या कॉइल लोकांनी मारल्यात.

मीटर काही महाग वस्तू नाही. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडला तीन-चारशे रुपयांत साधा डिजिटल मीटर मिळतो, नवीन माणूसही अर्ध्या तासात शिकतो. फक्त इतके कमी ओहम मोजताना आधी मीटरची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवा, तेव्हा ०.३, ०.४ असं काहीतरी येतं, ते त्या मीटरच्या वायरींचं, ते वजा करा. आणि कॉइल गार असताना मोजा, कारण तांब्याचा रेझिस्टन्स तापल्यावर वाढतो, ५० डिग्रीने तापली तर साधारण पाचवा हिस्सा वाढतो, म्हणजे ३ ची ३.६ दिसेल आणि तुम्ही उगाच घाबराल. सेकंडरी पण बघून घ्या, मधल्या भोकापासून एका टर्मिनलपर्यंत, ते हजारांत येतं, सहा हजार ते बारा-पंधरा हजार ओहम काहीही असू शकतं, काहीच दाखवलं नाही तर आतून तार तुटलीय.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगतो, मीटरवर कॉइल पास झाली म्हणजे ती चांगलीच असं नाही. आतल्या तारेवरचं इन्सुलेशन गरम झाल्यावर फुटणारं असेल तर गार असताना मीटरला ते कळत नाही. म्हणून गाडी बंद पडल्या पडल्या, गार व्हायच्या आत, ठिणगी बघायची. डिस्ट्रिब्युटरच्या मधली जाड वायर काढून, रबरी मुठीच्या पक्कडीत धरून, टोक इंजिनच्या उघड्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवायचं (पेट्रोल कुठे गळत नाहीये ना ते आधी बघा) आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. निळी, टाकटाक आवाज करणारी ठिणगी आली तर कॉइल ठीक, मग पेट्रोलकडे बघा. पिवळट, बारीक, रडतखडत आली किंवा आलीच नाही तर कॉइल किंवा कंडेन्सर. हे फक्त पॉइंटवाल्या गाडीला करायचं, इलेक्ट्रॉनिक इग्निशनवाल्या गाडीला असं करू नका, तिथे पॉइंटचं काम करणारं मॉड्युल उडतं. पसरणी घाटात मला हे माहीत असतं तर पंपावर फडकं टाकून आईला पाऊण तास उन्हात बसवलं नसतं, ही गोष्ट मला अजून टोचते.

आणि कंडेन्सर. ह्या छोट्या नळीवर कुणाचं लक्ष नसतं. पॉइंट उघडताना तिथे ठिणगी पडू नये आणि करंट झटक्यात तुटावा म्हणून तो असतो, ०.२ मायक्रोफॅराडच्या आसपासचा. तो तापून सुटायला लागला की लक्षणं हुबेहूब कॉइलसारखी, गरम झाल्यावर बंद, गार झाल्यावर चालू. नाना पेठेतल्या काकांनी मला विचारलं जुनी कॉइल टाकली का आहे. सुदैवाने होती, वडिलांची सवय, काढलेला पार्ट डिकीत फडक्यात गुंडाळून ठेवायचा, ती मलाही लागलीय. लुकास-टीव्हीएसची जुनी कॉइल, डबा गंजलेला, मीटरवर ३.१. काकांनी तीच परत बसवली, नवे पॉइंट, नवा कंडेन्सर, आणि म्हणाले, "घेऊन जा घाटात." त्याच मे महिन्यासारख्या उन्हात परत पसरणी चढलो, आई शेजारीच, पाचगणी झाली, महाबळेश्वर पण झालं. म्हणजे वडिलांच्या वेळची कॉइल कधी गेलीच नव्हती. गेला होता तो कंडेन्सर, आणि त्याच्यापायी मी एक कॉइल, तीन सेट पॉइंट आणि चार महिने घालवले.

आता सुटी कॉइल घेताना अजून दोन-तीन गोष्टी, पटपट सांगतो. प्लस-मायनस उलटे लावू नका. गाडी चालते, त्यामुळे कळत नाही, पण प्लगमध्ये मधलं टोक तापलेलं असतं आणि तिथून ठिणगी निघायला सोपं जातं, उलटं केलं की त्याच प्लगला बराच जास्त व्होल्टेज लागतो. मायनस अर्थ गाडीला, म्हणजे बॅटरीचं मायनस बॉडीला जोडलेलं असेल तर, कॉइलचं मायनस डिस्ट्रिब्युटरकडे. जुन्या लुकास कॉइलवर प्लस-मायनसच्या जागी एसडब्ल्यू आणि सीबी असं असतं, एसडब्ल्यू म्हणजे स्विच, सीबी म्हणजे पॉइंट, ह्या बऱ्याचशा प्लस अर्थच्या काळातल्या, तेव्हा कुणी जुनी मॉरिस मायनस अर्थवर बदलून घेतली असेल तर तिथे वायरी अदलाबदल करायला लागतात. तेल भरलेली कॉइल असेल तर तोंड खाली करून बसवू नका, आणि पट्टी घट्ट आवळा, ती पट्टी कॉइलची उष्णता पत्र्याला देते. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल तर मॉड्युलच्या कागदावर किमान ओहम लिहिलेले असतात तेच बघा, आणि एका ओहमच्या आतल्या ज्या इलेक्ट्रॉनिकसाठीच्या कॉइल येतात त्या पॉइंटवर चुकूनही लावू नका.

स्पोर्ट्स कॉइलबद्दल मला तरुण मुलं विचारतात म्हणून लिहितो. खोक्यावर चाळीस हजार व्होल्ट छापलेलं असतं. पण प्लगच्या फटीत ठिणगी पडायला जेवढा दाब लागतो तेवढ्यालाच ठिणगी पडते आणि व्होल्टेज तिथेच थांबतं, कॉइलमध्ये अजून किती शिल्लक आहे त्याने काही फरक पडत नाही. प्लग, पॉइंट, वायरी चांगल्या असतील तर आमच्या पद्मिनीला साध्या कॉइलची ठिणगी पुरून उरते, स्पोर्ट्स कॉइलने पिकअप वाढत नाही. घ्यायचीच असेल तर घ्या, पण तिचेही ओहम मोजून घ्या, सोनेरी का निळी ते बघून नको, रंग कुणीही देतं.

आता हे सगळं मी तुमच्या पेपरला का लिहितोय. मुंबईत शेवटची काळीपिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला रजिस्टर झाली होती, वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली, तुमच्याकडेही बातमी आली होती. त्या टॅक्सी होत्या तोवर पद्मिनीचा प्रत्येक पार्ट, प्रत्येक फिटर जिवंत होता, दुकानदाराला रोज दहा गिऱ्हाइकं असायची, चुकीची कॉइल दिली तर दुसऱ्या दिवशी टॅक्सीवाला येऊन काउंटरवर आपटायचा. आता ते गिऱ्हाईक नाही. राहिलोय आम्ही घरगुती गाड्यावाले, महिन्यातून दोनदा गाडी काढणारे. म्हणून दुकानात आता "सर्व गाड्यांना चालणारी" कॉइल येते. सर्व गाड्यांना चालणारी कॉइल असूच शकत नाही, वर लिहिलेल्या हिशोबावरून कुणालाही पटेल. काउंटरवरच्या पोरावर माझा राग नाही, त्याने पद्मिनी रस्त्यावर कधी बघितलीय, त्याला खोक्यावर जे छापलंय तेवढंच माहीत. राग आहे तो छापणाऱ्यांवर. खोक्यावर एमआरपी असते, पॅकिंगचा महिना-वर्ष असतो, तक्रारीसाठी फोन नंबर असतो, कारण ते छापायचा नियम आहे. आणि ज्या एका आकड्यावर गाडी चालणार का जळणार हे ठरतं तो आकडा नसतो. "१.५ ओहम, बॅलास्टसह वापरा" किंवा "३ ओहम, बॅलास्ट नको", एवढे चार शब्द. शाई तरी किती लागणार.

सरकारने २०२१ मध्ये ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदवायची सोय केली, व्हीए असलेली वेगळी नंबरप्लेट, नव्या नोंदणीला २०,००० रुपये फी, चांगलं झालं, आमची गाडीही आता पन्नाशीला टेकलीय. म्हणजे ह्या गाड्या जपायच्या हे सरकारला मान्य आहे. मग त्यांच्या पार्टवर काय लिहिलेलं असावं हेही कुणीतरी ठरवलं पाहिजे.

माझी विनंती साधी आहे. कॉइल बनवणाऱ्यांनी डब्यावर, खोक्यावर नाही झालं तर निदान डब्यावर, प्रायमरीचे ओहम कोरावेत, खोकं फेकलं जातं, डबा राहतो. दुकानदारांनी काउंटरवर एक मीटर ठेवावा आणि गिऱ्हाइकासमोर कॉइल मोजून द्यावी, बल्ब विकताना पेटवून दाखवतातच ना. आणि संपादकसाहेब, तुम्ही पुरवणीत महिन्यातून एकदा अर्धा कॉलम जुन्या गाड्यांच्या ह्या असल्या कामाला द्या, त्या काकांसारखी माणसं प्रत्येक शहरात दोन-चार राहिलीत, कोल्हापूरला असतील, नाशिकला असतील, त्यांच्याकडून विचारून लिहून घ्या. त्यांनी हे कागदावर कधी उतरवलेलं नाही, सगळं हातात आणि डोक्यात आहे. कुणाला अडचण असेल तर मी माझा मीटर घेऊन यायला तयार आहे, पुण्यात कुठेही, पैसे नकोत.

काकांच्या सांगण्यावरून मी एक केलंय, ते मात्र प्रत्येक जुन्या गाडीवाल्याने आजच करावं. बॉनेटच्या आतल्या बाजूला एक कागद प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलाय, मोठ्या अक्षरात: १२ व्होल्ट, मायनस अर्थ, बॅलास्ट नाही, कॉइल ३ ओहम. उद्या मी नसताना माझी मुलगी गाडी घेऊन गेली आणि कुठल्या गावात नवीन मेकॅनिकने बॉनेट उघडलं तर त्याला पहिलं ते दिसेल. डिकीत फडक्यात गुंडाळलेली सुटी कॉइल आहे, तिच्यावर मार्करने ३.० लिहिलंय, मोजलेली तारीख पण.

आपला,
एक जुना वाचक
कोथरूड, पुणे